अंडे व दूध वर्ज्य केलेले मफिन : फुगणे आणि स्थिरावणे

मफिन या नावाने दोन अगदी भिन्न पदार्थ ओळखले जातात. इंग्लंडमधील मफिन हा यीस्टने आंबवून तव्यावर भाजलेला चपटा पाव होय. अमेरिकेत न्याहारीस खाल्ला जाणारा मफिन मात्र पेल्याच्या आकाराच्या साच्यात, बेकिंग पावडर किंवा सोड्याने फुगवून भाजलेला, केकशी जवळचे नाते असलेला पदार्थ आहे. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकाराचे असून, त्यातही केवळ वनस्पतिजन्य घटकांपासून केलेल्या आणि सुकी फळे व अक्रोड-बदाम घातलेल्या मफिनपुरते ते मर्यादित आहे. अशा आहाराला ‘व्हीगन’ हे नाव ब्रिटनमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. दूध, लोणी, अंडी आणि मधही त्यात वर्ज्य असतात.

अंड्यावाचून मफिन फुगत नाही, हा समज सार्वत्रिक असला तरी तो बरोबर नाही. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या रसायनज्ञाने १८४३ साली बेकिंग पावडर तयार केली, ती पत्नीला अंडी व यीस्ट दोन्ही सोसत नसत म्हणूनच. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, खाण्याच्या सोड्याचा आम्लाशी पूर्ण संयोग झाला, तर खोलीच्या तापमानास जवळजवळ १.४ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड वायू मिळतो. बारा मफिनांना एवढा वायू लागतही नाही. तेव्हा उणीव वायूची नसते. बिनअंड्याचा मफिन भट्टीत चांगला फुगतो. बाहेर काढल्यावर तो मध्यभागी खचतो, अथवा कापताना त्याचा भुगा होतो. दोष फुगण्यात नसून स्थिरावण्यात आहे.

कवचाविना सुमारे ५० ग्रॅम भरणाऱ्या अंड्यात तीन-चतुर्थांश पाणी, ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. बलकातील लेसिथिन तेल व पाणी यांचे पायस टिकवते. प्रथिनांचे काम याहून महत्त्वाचे आहे. सुमारे ६० अंश सेल्सिअसपासून ती गोठू लागतात आणि वायूच्या बुडबुड्यांभोवतीच्या भिंती कायम करतात. अंडे वगळले की हा सारा भार मैद्यातील ग्लूटेन व पिष्टकण यांच्यावर पडतो. पिष्टकण पाणी शोषून फुगतात तेव्हा भिंती घट्ट होतात. परंतु मिश्रणात साखर जितकी अधिक, तितके हे फुगणे अधिक तापमानावर ढकलले जाते. भिंती घट्ट होण्यापूर्वीच वायू निसटला, तर मफिन खचणारच. नेहमीच्या कृतीतून अंडे तेवढे काढून साखर तशीच ठेवणाऱ्यांची निराशा होते, ती यामुळे.

अंड्याऐवजी सर्वत्र सुचवले जाते ते जवस. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवली की बियांच्या सालीतील बुळबुळीत द्रव्य सुटते व अंड्यासारखाच दाट पदार्थ दिसतो. हे साम्य फसवे आहे. जवसाचा लगदा पाणी धरून ठेवतो, मिश्रणाला दाटपणा देतो, पण उष्णतेने अंड्याप्रमाणे गोठत नाही. कुस्करलेल्या केळ्याचेही तेच. शिवाय त्याची साखर मिश्रणात मिसळते. उष्णतेने घट्ट होणारी प्रथिने हवी असतील, तर बेसनाकडे वळणे अधिक सयुक्तिक ठरते. ना अंडे, ना ग्लूटेन, तरी जाळीदार आणि कापता येईल इतका स्थिर असा ढोकळा आपल्या परिचयाचा आहे. दोन-तीन मोठे चमचे बेसन घातल्यास पुरते. त्याहून अधिक झाल्यास कच्चट वास राहतो.

सुक्या फळांचा विचार केवळ चवीपुरता करणे चुकीचे होईल. मनुकांत पाण्याचा अंश सुमारे १५ टक्के, तर साखर साठ टक्क्यांहून अधिक असते. अशी मनुका कोरडीच मिश्रणात पडली, तर आजूबाजूचे पाणी ओढून घेते आणि पिष्टकणांच्या वाट्याचे पाणी कमी होते. मनुका वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजवून, निथळून घेतल्यास ही ओढाताण टळते. उलटपक्षी एक लाभही आहे. अखंड मनुकेतील गोडी बहुतांशी मनुकेतच राहते. ती पिष्टाच्या आड येत नाही. मिश्रणातील साखर कमी करून गोडी फळांवर सोपवता येते. बारीक कुस्करलेला खजूर मात्र विरघळतो, म्हणून तो साखरेतच मोजावा. फळांना पीठ चोळले की ती तळाशी बसत नाहीत असे सांगतात. खरा उपाय मिश्रण दाट ठेवणे व तुकडे लहान करणे हा होय.

अक्रोड व बदाम भाजून घालावेत. अक्रोडातील तेल लवकर खवट होते, यास्तव ते आधी चाखून पाहावे. या मेव्यातून प्रथिने मिळतात, परंतु अंड्यादुधातील ब-१२ जीवनसत्त्व मिळत नाही, याची जाणीव ठेवावी.

बारा मफिनांस १५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम कणीक, २५ ग्रॅम बेसन, ८० ग्रॅम साखर, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा व चिमूटभर मीठ एकत्र चाळावे. २५० मिलिलिटर सोयाबीनच्या दुधात २० मिलिलिटर व्हिनेगर, ८० मिलिलिटर तेल व भिजवलेले जवस मिसळावे. व्हिनेगरचे हे प्रमाण पाव चमचा सोड्यास बेताचे पुरते. आम्लावाचून उरलेल्या सोड्यातून, तापवल्यावर निम्माच वायू निघतो आणि मागे साबणासारखी चव राहते. अशा मिश्रणात सूर्यफुलाच्या बिया असतील, तर त्या चक्क हिरव्या होतात! कोरडे व ओले घटक एकत्र केल्यावर पीठ भिजेपर्यंतच, दहा-बारा वेळा, ढवळावे. गुठळ्या राहिल्या तरी चालतात. अधिक ढवळल्यास ग्लूटेन ताणले जाऊन मफिनमध्ये लांबट पोकळ्या पडतात. शेवटी १५० ग्रॅम फळे व मेवा घालून १९० ते २०० अंशांवर सुमारे वीस मिनिटे भाजावे. दूध नसल्याने रंग फिकट राहतो. तो गडद होईपर्यंत थांबू नये. गरम असताना पिष्टाच्या भिंती मऊ असतात, म्हणून दहा मिनिटे साच्यातच ठेवून नंतर जाळीवर काढावे. गरमागरम कापलेला मफिन चिकट लागतो व कच्चा राहिल्यासारखा वाटतो. तोच तासाभराने नीट कापला जातो.