पाणी जातं कुठे? जुन्या डिझेल गाडीतली कूलंटची गळती



आजचा विषय कूलंटची गळती, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी राहतो बंगळुरूत, हेब्बाळला. माझी डिझेल गाडी २००९ सालची. १५ वर्षं झाल्यावर फिटनेस करून ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली, तेव्हा ठरवलं होतं की ही गाडी आता आपल्याबरोबरच निवृत्त होईल. मग एका उन्हाळ्यात कूलंटच्या टाकीतली पातळी उतरू लागली. आठवड्याला साधारण अर्धा लिटर. गाडीखाली एक थेंब नाही, काटा जागेवर. मी काय केलं? दर रविवारी अर्धा लिटर ओतलं आणि झाकण लावलं. असे सहा रविवार गेले.

फौजेत असताना एका कॉन्व्हॉयमध्ये एक शक्तिमान ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर रोज सकाळी रेडिएटरमध्ये पाणी घालायचा आणि विचारलं की सांगायचा, "सब ठीक है साब." आमचे जुने एमटी सुभेदार साहेब त्याला एवढंच म्हणाले, "पानी डालता है, ठीक है. जाता कहाँ है?" त्या ड्रायव्हरला मीही तेव्हा चार शब्द सुनावले होते. तीस वर्षांनी हेब्बाळच्या पार्किंगमध्ये मी नेमकं तेच करत होतो.

म्हणून आजचा मुद्दा एकच. कूलंटची व्यवस्था बंद असते. निरोगी गाडीत पातळी महिनोन्‌महिने जवळजवळ तशीच राहते. ती उतरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. किती घालायचं हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, जातं कुठे?

आधी झाकणाबद्दल

इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही. फडकं धरून नाही, हळूहळू नाही, अजिबात नाही. कारण समजून घ्या. लेहला, साधारण ३,५०० मीटरवर, उघड्या भांड्यातलं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. बंगळुरू ९०० मीटरवर, इथे साधारण ९७ ला. इंजिन तर ९० च्या आसपास चालतं आणि घाटात त्याहून वर जातं. पाणी उकळू नये म्हणून झाकण आत दाब धरून ठेवतं. वातावरणाच्या वर एक बार दाब असला की साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलंत की दाब एका क्षणात जातो, सगळं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर येतं. मी एका जवानाचा हात असा भाजलेला पाहिलाय. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, शक्यतो सकाळी उघडा.

आणि हेच झाकण सैल पडलं, त्याचं रबर कडक झालं, तर गळती नसतानाही पाणी वाफ होऊन जातं. सगळ्यात स्वस्त भाग हाच, म्हणून तपासणी इथून सुरू.

पाण्याच्या तीन वाटा

पहिली वाट बाहेरची. रात्री गाडीखाली मोठा कोरडा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी डाग पाहा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो, ते घाबरण्यासारखं नाही. कूलंट रंगीत असतं, बोटांत चिकट-निसरडं लागतं, गोडसर वास येतो. चव मात्र घेऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. सांडलेलं लगेच धुऊन काढा.

पुठ्ठा कोरडा असला तरी निर्धास्त होऊ नका. गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही, तिथेच वाळतो. मागे उरते पांढरट, गुलाबी किंवा हिरवट खपली. टॉर्च घ्या आणि ती खपली शोधा. होज पाईपची टोकं आणि क्लिपा, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला जोडलेल्या असतात तो सांधा, थर्मोस्टॅटचं घर, आणि वॉटर पंप. पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं. तो पंपाचा निरोप समजा. ते भोक बुजवू नका, पंप बदला. काही गळत्या फक्त थंड इंजिनावर होतात, रबर आणि प्लास्टिक आकसल्यामुळे. म्हणून पहाटे एकदा आणि गाडी चालवून आल्यावर एकदा, दोन्ही वेळा पाहा.

दुसरी वाट केबिनमध्ये. डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळला की पायाखालची मॅट ओली होते, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि तोच गोडसर वास येतो.

तिसरी वाट इंजिनच्या आत, आणि ही महागडी. बऱ्याच डिझेल इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर दोन्ही सारखे फुगत नाहीत. एकदा इंजिन जास्त तापलं की हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं. लक्षणं अशी: थंड इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे, गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर, ऑइल दुधाळ होणं. पण घाई नको. ईजीआर कूलर आतून फुटला तरी पांढरा धूर येतो आणि पाणी कमी होतं, गॅस्केट मात्र शाबूत असतं. हेड उघडण्याआधी त्याची तपासणी झालीच पाहिजे.

माझ्या गाडीचं काय झालं

सहाव्या रविवारनंतर आम्हाला बेळगावला जायचं होतं, पुतण्याच्या लग्नाला. साधारण ५०० किलोमीटरचा रस्ता. एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी टाकीत डोकावून निकाल दिला: हेड गॅस्केट, इंजिन उघडावं लागेल. आकडा ऐकून सौ. म्हणाल्या, "तपासलं कधी त्यांनी?" प्रश्न बरोबर होता.

दुसरीकडे गेलो. तिथल्या मेकॅनिकने पहिलंच विचारलं, "नीरु एल्ली होगुत्ते, सार?" म्हणजे पाणी जातं कुठे? मला सुभेदार साहेबच आठवले. त्याने थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावला, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली आणि काट्याकडे बघत बसला. पंधरा मिनिटांत काटा हळूहळू उतरला. खाली थेंब नाही. मग त्याने टायमिंग बेल्टचं प्लास्टिकचं कव्हर काढलं, छोटा आरसा आत धरला आणि मला दाखवलं. पंपाखाली गुलाबी खपली, आणि बेल्टची कड ओली.

आता यातला धोका बघा. माझ्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो. ओल्या बेल्टवर आम्ही चित्रदुर्गच्या पुढे गेलो असतो आणि तो तुटला असता, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळले असते. गाडी भर हायवेवर बंद, इंजिन भंगारात. मी ओतलेला प्रत्येक अर्धा लिटर ही बातमी झाकत होता. पंप, बेल्ट आणि टेन्शनर एकत्र बदलले. खर्च पहिल्या अंदाजाच्या साधारण चौथा हिस्सा. लग्नाला वेळेवर पोहोचलो.

दुरुस्तीनंतर

कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकारचंच घ्या. रंगावर जाऊ नका, एकाच रंगात वेगवेगळे प्रकार मिळतात. तयार मिश्रण नसेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा. आमच्याकडे टँकरने येणारं बोअरचं पाणी क्षारांचं, त्याने रेडिएटरच्या नळ्यांत थर बसतो. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, आत अडकलेली हवा काढा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा बघा.

रेडिएटरमध्ये हळद घालण्याचा ट्रकवाल्यांचा उपाय तुम्ही ऐकला असेल. आडरानात गावापर्यंत पोहोचवतो, खोटं नाही. पण तीच हळद हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते. गळती थांबवणाऱ्या पावडरींचंही तसंच.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सुरक्षित जागी बाजूला. लाल रेषेजवळ पोहोचला तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं. आणखी एक: पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. हीटर अचानक गार हवा देऊ लागला तर काट्यावर विश्वास न ठेवता थांबा.

फौजेत गाडी निघण्याआधी रोज फर्स्ट परेड असते: ऑइल, पाणी, टायर, गाडीखाली नजर. घरच्या जुन्या गाडीला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं पुरतात. टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. रेघ खाली गेली की बाटली उचलण्याआधी टॉर्च उचला.

पुढच्या भागात ब्रेकबद्दल बोलू. जय हिंद.