चढणीचे मासे

मृगाच्या सरी कोसळल्या आणि ओढे गढूळ पाण्याने दुथडी भरून वाहू लागले, की कोकणातील खेड्यांत एकच लगबग उडते. कोणी खांद्यावर पाग टाकतो, कोणी गळ घेऊन निघतो. मुले तर नुसत्या टोपल्या घेऊनच शेताच्या बांधाकडे धावतात. मासेमारीवर यांचे पोट नसते. वर्षातील चार दिवसांची ती हौस असते. या दिवसांत नदीतील मासे प्रवाहाच्या उलट चढून भातखाचरांतील उथळ पाण्यात येतात. त्यांनाच ‘चढणीचे मासे’ म्हणतात.

पण मासा ही चढण चढतो कशासाठी? त्याच्या मादीच्या पोटात अंडी असतात. उथळ पाण्यात ती घालावीत, पिलांना तेथे अन्न व आसरा मिळावा, यासाठी ही सारी धडपड! बांधावर पकडलेल्या एका मादीबरोबर हजारो अंडी टोपलीत जातात. हौसेचा काळ आणि माशांच्या विणीचा काळ असा नेमका एकच येतो.

समुद्रातही पुष्कळ जातींचे मासे पावसाळ्यात अंडी घालतात. म्हणून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना साधारणपणे 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारीची बंदी असते. तिला आधार आहे 1981 च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचा. वल्ह्याशिडाच्या होड्यांना ही बंदी लागू नाही. खडकावर गळ टाकून बसणाऱ्यालाही नाही. मग ‘आपल्याला काय त्याचे?’ असे हौशी माणसास वाटते. परंतु पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास 1897 च्या कायद्यानेच मनाई केली, आणि ती सर्वांनाच होती. विषाने मोठ्या माशाबरोबर बोटाएवढी पिलेही मरतात. पुढे त्याच डोहात गळ टाकून दिवसभर बसले तरी दोरी हलत नाही. 2023 मध्ये शासनाने 54 जातींच्या समुद्री माशांसाठी किमान लांबीही ठरवून दिली.

समुद्रावर पहारा ठेवता येतो. प्रत्येक ओढ्यावर शिपाई कोठून आणणार? तेथे गावाचा निर्धारच उपयोगी पडतो. कोळी समाजात नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटण्याची रीत कायद्याहून फार जुनी आहे. ही पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते, म्हणजे बंदी उठल्यानंतर. म्हणूनच बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत असावी, अशी अनेक मच्छीमारांची मागणी आहे.