घरातल्या संगणकाचं कडीकुलूप

बाहेरगावी निघताना घरची बाई काय काय बघते, याची यादी करायला बसलं तर पान भरेल. गॅसचं बटण बंद, मागच्या दाराला कडी, मोरीतला नळ घट्ट, दूधवाल्याला निरोप, एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. दागिने तर केव्हाच बँकेच्या लॉकरमध्ये गेलेले असतात. पण हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर जो संगणक असतो, त्याची काळजी कोण घेतं? बहुतेक घरांतून उत्तर येतं, ‘‘ते खातं ह्यांचं, नाहीतर मुलांचं!’’

आणि त्या संगणकात असतं काय? लग्नाचे फोटो, मुलाचं बारसं, मुलीच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार आणि पॅन कार्डाच्या प्रती, विम्याचे आणि घरकर्जाचे कागद. घरून मसाले विकणाऱ्या किंवा शिकवणी घेणाऱ्या बाईच्या तर उधारीच्या नि फीच्या सगळ्या नोंदी त्यातच. एखाद्या घरी गेलेल्या सासूबाईंचा ओव्या म्हणतानाचा आवाज साठवलेला असतो. दागिना पुन्हा घडवता येतो, हो. तो आवाज पुन्हा कुठून आणणार?

म्हणूनच हा विषय घरातल्या बाईचाही आहे. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. कपाट आवरण्याची सवय असली की पुरे.

चोर येतो आणि कुलूप लावून जातो

नेहमीचा चोर कुलूप तोडतो आणि वस्तू नेतो. संगणकातला हा नवा चोर उलट वागतो. तो तुमच्या वस्तू तुमच्याच कपाटात ठेवतो, पण त्यांना स्वतःचं कुलूप लावतो आणि वर चिठ्ठी डकवतो, ‘किल्ली हवी असेल तर पैसे टाका.’ अशा प्रोग्रॅमला रॅन्समवेअर म्हणतात. रॅन्सम म्हणजे खंडणी. फोटो, कागद, हिशेब जागेवरच दिसतात, पण त्यांची सांकेतिक भाषेत अशी उलथापालथ केलेली असते की किल्लीवाचून ती उलगडत नाही.

हा प्रकार वाटतो तितका नवा नाही. १९८९ साली एड्स या रोगाची माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना टपालाने पाठवल्या गेल्या. संगणक साधारण ९० वेळा सुरू झाला की तो प्रोग्रॅम जागा व्हायचा, फाइलींची नावं गिचमिड करून टाकायचा आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवायला सांगायचा.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या रॅन्समवेअरने सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक धरले. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती, त्यांच्याकडे चोर शिरला. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला, आणि आपल्या न्हावाशेवाच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडून बसलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात संगणक बंद पडले आणि कित्येक दिवस कागदावर काम चाललं. जुलै २०२४ च्या अखेरीस बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार काही काळ थांबले.

‘‘ही मोठ्यांची दुखणी, आमच्याकडे काय आहे?’’ असं कुणी म्हणेल. पण घरगुती संगणकांवरच जगणारी एक जात आहे. तिचं नाव ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’. २०१८ च्या सुमारास ती दिसू लागली. तिची मागणी बरीच वर्षं ९८० डॉलरची असायची, आणि ७२ तासांत दिलेत तर निम्मे, म्हणजे ४९०. साडीच्या सेलसारखी सूट! आपल्या रुपयांत ही रक्कम कित्येक हजारांत जाते.

तो शिरतो कुठून?

ही जात शिरते ती बहुतेक वेळा फुकटच्या मोहातून. एखादं विकतचं सॉफ्टवेअर किंवा गेम ‘क्रॅक’ करून फुकट मिळतो, मुलं तो उतरवून घेतात. बसवताना सूचना येते, ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’ दाराशी आलेला माणूस ‘आधी कुत्रा बांधा’ म्हणाला तर आपण काय समजू? तसंच इथं समजावं. आत शिरल्यावर ती कित्येकदा विंडोजचं अपडेट चालू असल्याची खोटी खिडकी दाखवते. आपण चहा टाकायला जातो, तेवढ्यात तिचं काम उरकतं.

दुसरी वाट ई-मेलची. ‘बिल’, ‘कुरिअर’, ‘टॅक्स नोटीस’ अशा नावाने फाइल येते. नाव ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसतं, पण त्यापुढे ‘डॉट ईएक्सई’ हे खरं शेपूट लपलेलं असतं, कारण विंडोज ते शेपूट सहसा दाखवत नाही. फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली की ते दिसू लागतं. बिल आणि ईएक्सई एकत्र दिसले की उघडू नये. मोबाइलवर हाच खेळ लग्नपत्रिकेच्या नावाने चालतो. पत्रिका म्हणून आलेल्या फाइलीच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पत्रिका नव्हे, प्रोग्रॅम आहे. पाठवणाऱ्याला फोन करून आधी विचारावं.

दुसरी प्रत, तीही घराबाहेर

आता खरा उपाय. लोणचं घालताना आपण सगळा माल एकाच बरणीत भरत नाही. एका बरणीला बुरशी आली तरी दुसरी राहते. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने फोटो जपण्यासाठी ३-२-१ असा नियम सांगितला: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

घरच्या मानाने ते असं करावं. एक प्रत संगणकात आहेच. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. तिसरी गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर, नाहीतर दुसऱ्या एका डिस्कवर घेऊन माहेरी नाहीतर बहिणीकडे ठेवावी.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रत काढून झाली की डिस्कची वायर काढावी आणि डिस्क कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली तर खंडणीखोर तिलाही कुलूप घालतो. जादा किल्ली दाराच्याच खिळ्याला अडकवण्यासारखं ते होतं. ड्राइव्हचंही तसंच. संगणकातली फाइल बिघडली की तीच बिघडलेली तिकडे चढते. मात्र अशा सेवा बहुधा जुनी आवृत्ती काही दिवस ठेवतात, म्हणून लगेच लक्षात आलं तर ती परत मिळू शकते. महिन्यातला एक दिवस ठरवून टाका. वाणसामान भरण्याचा दिवस सोयीचा, विसरत नाही.

फोल्डरला राखणदार

विंडोज १० आणि ११ मध्ये एक राखणदार आयताच दिलेला आहे, पण तो झोपलेला असतो, उठवावा लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा, खाली ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ दिसेल. तिथं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ सुरू करा. मग अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत फेरफार करता येत नाही. तुमचा हिशेबाचा फोल्डर दुसरीकडे असेल तर तो यादीत घालावा लागतो. कधी एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही तो अडवतो. अशा वेळी राखणदार काढून टाकू नये, फक्त त्या पाहुण्याचं नाव ओळखीच्यांत घालावं. मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हाच अँटिव्हायरस चालू असला तरच ही सोय चालते, हेही ध्यानात असू द्या.

मुलांना वेगळं खातं काढून द्या, आणि ते ‘स्टँडर्ड’ असू द्या, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ नको. म्हणजे नवं काही बसवताना बहुतेक वेळा तुमचा पासवर्ड मागितला जाईल. अपडेट आलं की ‘नंतर’ म्हणत ढकलू नये. वॉनाक्रायची गोष्ट आठवावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे, तेव्हा आपल्या संगणकाचं काय, ते एकदा घरात विचारून घ्या.

चोरून वाचणाऱ्याचं काय?

हा राखणदार फेरफार थांबवतो, वाचणं नव्हे. आणि आजकालचे चोर कुलूप लावण्याआधी नक्कलही करून नेतात. डीजेव्हीयूबरोबर कित्येकदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम आलेला आढळला आहे. म्हणून बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये, ‘पासवर्ड’ नावाची फाइल तर मुळीच ठेवू नये. ई-मेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी. आधारची प्रत ठेवायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत ठेवावी. अगदी खासगी कागद आणि फोटो पेनड्राइव्हवर घालून कपाटात ठेवावेत.

लॅपटॉप प्रवासात हरवला तर आतलं कुणी वाचू नये म्हणून बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही सोय असते. तिची ४८ आकडी किल्ली मात्र कागदावर उतरवून ठेवा, नाहीतर आपणच बाहेर राहायचो! चालू संगणकात शिरलेल्या चोरापुढे या सोयीचा उपयोग होत नाही, हेही खरं.

आणि कुणी तुमचे किंवा मुलीचे फोटो पसरवण्याची धमकी दिली, तर गप्प बसू नका. लाज त्याला वाटायला हवी, आपल्याला नव्हे. मुलीलाही आधीच सांगून ठेवा, ‘‘असं काही झालं तर आधी मला सांग. मी रागावणार नाही.’’ धमकी देणाऱ्याचं सगळं बळ आपल्या गप्प राहण्यात असतं.

झालंच तर

फाइलींची नावं एकाएकी बदलली, चिठ्ठी दिसली, की आधी इंटरनेट तोडा आणि जोडलेली डिस्क, पेनड्राइव्ह काढा. चिठ्ठीचा मोबाइलने फोटो घ्या. १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून.

पैसे भरण्याची घाई नको. भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? नॉटपेट्यात तर किल्ली देण्याची सोयच नव्हती. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. काही जातींच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाहीत, पण नव्या येत राहतात. म्हणून कुलूपबंद फाइली पुसू नका, एका डिस्कवर बाजूला ठेवा. मग विंडोज पुन्हा कोरं बसवून घ्या, आणि कपाटातली प्रत काढा.

ती प्रत कपाटात असेल, तर हा सगळा प्रकार दोन दिवसांच्या मनस्तापावर भागतो. नसेल, तर काय काय जाईल ते वर सांगितलंच आहे. तेव्हा येत्या रविवारी दुपारची जेवणं आटोपली की घरातल्या सगळ्यांना संगणकापुढे बसवा. एक डिस्क, एक तास, आणि सगळ्यांत आधी सासूबाईंचा आवाज!