पित्त उठलं की नुसतं आमसूल?

अंगावर पित्त उठलं की आपण काय करतो? आमसूल भिजत घालतो, त्याचं पाणी चोळतो, वर घोंगडी पांघरायला देतो आणि ‘आज आंबट-तिखट बंद’ असं जाहीर करून मोकळ्या होतो. माझ्या आईने हेच केलं, मीही हेच करत आले. गेल्या होळीच्या आठवड्यात मात्र माझे डोळे उघडले.

आमच्या ऊर्जानगरात झाडं भरपूर, जंगलही लांब नाही, त्यामुळे मधमाश्यांची कोणाला नवलाई नाही. धाकटीला अंगणात खेळताना एक माशी चावली. आदल्या वर्षीही चावली होती. तेव्हा नुसता हात सुजला आणि आम्ही विसरून गेलो. या वेळी दहा मिनिटांत पाठीवर, मांड्यांवर गांधी उठल्या. हे ड्यूटीवर, घरात मी एकटी. सवयीने आमसूल भिजवलं. चोळता चोळता बघते तर पोरीचे ओठ सुजलेले, आवाज बसलेला. ‘आई, गळ्यात काहीतरी अडकलंय,’ म्हणाली. शेजारच्या काकूंच्या मुलाने स्कूटरवरून आम्हाला दवाखान्यात पोहोचवलं. डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मगच विचारपूस. रात्रभर ठेवून घेतलं. आमसुलाचे डाग तिच्या फ्रॉकवर अजून आहेत.

घरी आल्यावर एकच प्रश्न डोक्यात. माशी तीच, पोर तीच, मग गेल्या वर्षी काही नाही आणि यंदाच का? आपणही म्हणतोच ना, ‘इतकी वर्षं झिंगे खातोय, कधी काही झालं नाही!’ मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी. पण विज्ञानाच्या बाईंच्या मागे लागून पुस्तकं आणली आणि वाचत बसले.

मैत्रिणींनो, हे पित्त मुळी पित्तच नव्हे! १८७८ साली जर्मनीत पॉल अर्लिक नावाच्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसल्या. (त्या दिसाव्यात म्हणून वापरलेले रंग दगडी कोळशाच्या डांबरापासून निघालेले. कोळसा म्हटलं की आम्हा ऊर्जानगरकरांचे कान टवकारतातच.) खाऊन खाऊन फुगल्या असाव्यात असं वाटून त्याने त्यांना ‘मास्ट’, म्हणजे चारून पुष्ट केलेल्या, असं नाव दिलं. अंदाज चुकला, नाव टिकलं. या पेशी कातडीत, नाकात, श्वासनळीत, आतड्यांत असतात आणि त्यांच्या दाण्यांत हिस्टामिन भरलेलं असतं. ते बाहेर सांडलं की खाज, सूज, गांधी.

पण ते सांडतं का, याचं उत्तर शोधण्यात एका नवरा-बायकोचा मोठा वाटा आहे, आणि इथे मी पुस्तक खाली ठेवू शकले नाही. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी जोडपं अमेरिकेत डेनव्हर इथे संशोधन करत होतं. रॅगवीड नावाच्या तणाच्या परागांनी हैराण झालेल्या रोग्यांच्या रक्तातून त्यांनी १९६६ साली एक नवं प्रतिपिंड शोधलं. चाचण्यांसाठी स्वतःच्याच पाठी पुढे केल्या! स्वीडनमध्येही दोघा संशोधकांना तेच सापडलं आणि १९६८ साली त्याचं आयजीई असं नाव ठरलं. मास्ट पेशींवर ते कसं बसतं, यावर तेरुकोबाईंनी पुढे पुष्कळ काम केलं. १९७३ साली दोघांनाही कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला. बाईंचं नाव नवऱ्याच्या नावामागे झाकलं गेलं नाही, याचा मला उगीचच अभिमान वाटला. आणि ते रॅगवीड? आपल्या क्वार्टरमागे माजलेल्या गाजर गवताचंच भावंड. माझ्या शिंकांचा उगम तिथे असेल तर नवल नाही.

तर, माझ्या प्रश्नाचं उत्तर असं: पहिल्या दंशानंतर एखाद्याचं शरीर त्या विषाविरुद्ध आयजीई बनवतं आणि ते मास्ट पेशींवर चिकटून वाट बघत बसतं. बाहेरून काहीच कळत नाही. पुढच्या वेळी तेच विष आलं की शेजारशेजारच्या प्रतिपिंडांना एकत्र जोडतं आणि मांडणीवरच्या डब्यांची झाकणं एकदम उडावीत तसं सारं बाहेर येतं. म्हणजे ‘आजवर काही झालं नाही’ ही खात्री नव्हेच.

साध्या गांधी पुष्कळदा आपोआप जातात. आमसुलाचा गारवाही बरा वाटतो. पण ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर एक मिनिट थांबू नका. माणसाला उभं करू नका, चालवू नका. आडवं ठेवा, दम लागला असेल तर टेकवून बसवा. खाजेच्या गोळीवर भागत नाही, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं. एखादं औषध किंवा इंजेक्शन घेतल्यावर असं झालं, तरी हेच. आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी परतू नका, काही तासांनी पुन्हा उलटू शकतं.

धाकटीच्या दप्तरात आता एक चिठ्ठी असते: कशाची ॲलर्जी, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, कोणाला फोन करायचा. एक प्रत वर्गशिक्षिकांकडे, एक शेजारच्या काकूंकडे. आमसुलाची बरणी फडताळात आहेच. आमटीला लागतं.