मडके वाजवून घ्यावे, फोन कसा वाजवावा?

करमाडच्या बाजारात आपण माठ घेतो तो टिचकी मारून. खणखणीत वाजला तर पैसे मोजायचे, बद्द वाजला तर पुढे चालू लागायचे. पण दहा-पंधरा हजारांचा स्मार्टफोन घेताना टिचकी मारायची कुठे? चार दिवसांत तो आपोआप बंद पडू लागतो, आणि दुकानदार म्हणतो, "अपडेट येईल, मग ठीक होईल." म्हणजे माठ कच्चाच विकला, भाजायचा मात्र आपण!

असे का होते? फोनला दोन अंगे असतात. एक हाताला लागते ते यंत्र. दुसरे, त्या यंत्राने कसे वागावे याच्या लिहून ठेवलेल्या लक्षावधी ओळींच्या सूचना. या सूचनांतल्या चुकीला तंत्रज्ञ 'बग', म्हणजे किडा म्हणतात. सगळेच किडे कारखान्यात सापडत नाहीत, हे खरे. पण आणखी एक कारण आहे. पाण्याचा पंप सदोष निघाला तर कारखानदाराला तो परत न्यावा लागतो. फोनच्या सूचना मात्र इंटरनेटवरून दुरुस्त करता येतात. म्हणून सणाची विक्री गाठायला माल आधी येतो, दुरुस्ती मागून.

ती दुरुस्तीही कधी अंगाशी येते. सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपल कंपनीने पाठवलेल्या ८.०.१ या दुरुस्तीने नव्या आयफोनचे नेटवर्कच गेले. तासाभरात ती मागे घ्यावी लागली. आणि दोष यंत्रातच असला तर सूचना बदलून भागत नाही. २०१६ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरात उत्पादनच थांबले.

शेतकऱ्याला याची झळ निराळी बसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, नोंद आपणच करायची. कल्पना चांगली. पण पहिल्याच हंगामात ॲप अडखळते, रेंज नाही, अशा तक्रारी गावोगावहून आल्या आणि मुदत वाढवावी लागली. २०२२ च्या खरिपात सुधारलेले ॲप आले. केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय त्यात झाली. हे बरेच झाले, पण ते एक वर्ष उशिरा. कापूस काही ॲपची वाट पाहत उभा राहत नाही. करमणुकीचा फोन अडला तर गाणे थांबते. इथे अडला तर सातबाऱ्यावरचा पीकपेरा कोरा राहतो, आणि हमीभावाच्या खरेदीला तीच नोंद विचारतात.

मग करावे काय? बाजारात नुकताच आलेला फोन लगेच घेऊ नये. दोन-तीन महिने थांबावे, शेजाऱ्याचा अनुभव विचारावा. दुरुस्ती किती वर्षे मिळणार, हे पैसे देण्याआधी विचारावे. मोठे अपडेट ऐन नोंदणीच्या दिवसांत घेऊ नये. ॲप अडले तर पडद्यावरच्या चुकीच्या संदेशाचा फोटो काढून तारीख वहीत लिहावी. पावती जपावी. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाविरुद्ध दाद देतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी हे मुलांना जरूर सांगावे. घरात फोन चालवतात ती मुलेच. तक्रार करणारा अडाणी नसतो, मडके वाजवून पाहणारा शहाणा गिऱ्हाईक असतो, एवढे त्यांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ झाले.