मोटारीतील वाटाड्या

परक्या मुलखात जाणारा प्रवासी पूर्वी एखादा माहीतगार मनुष्य वाटाड्या म्हणून बरोबर घेई. आज ते काम मोटारीतच बसविलेले यंत्र करते. तेच गाणी ऐकविते, आणि वळण जवळ आले की गाण्याचा आवाज खाली आणून मार्ग सांगते. अशा सोबत्यासह रोजचा प्रवास करावयाचा, तर त्याला स्वतःला काय कळते आणि काय केवळ पढविलेले आहे, हा भेद चालकाने ओळखला पाहिजे.

मोटार या क्षणी कोठे आहे, हे यंत्राला स्वतः कळते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संकेत अखंड पाठवीत असतात. संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचे अंतर निघते, आणि निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की गाडीचे स्थान निश्चित होते. नागरिकांना मिळणारे हे संकेत मुद्दाम सदोष ठेवण्याची पद्धत अमेरिकेने मे २००० मध्ये बंद केली. तेव्हापासून ही अचूकता पुष्कळ वाढली.

बोगद्यात हे संकेत पोहोचत नाहीत. तेथे गाडीत जडविलेल्या यंत्राची सरशी होते. चाके किती फिरली, गाडी कोणीकडे वळली, याचा हिशेब अशी पुष्कळ यंत्रे ठेवतात व त्यावरून स्थानाचा अंदाज बांधतात. होंडा कंपनीने १९८१ साली जपानमध्ये आणलेले यंत्र तर उपग्रहांवाचून केवळ अशा हिशेबावरच चाले.

नकाशा मात्र पढविलेला असतो, आणि तो शिळा होतो. शिवडी व न्हावाशेवा यांना जोडणारा सुमारे २२ किलोमीटरांचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. ज्या यंत्रातील नकाशा त्यापूर्वीचा असेल, त्याच्या पडद्यावर सेतूवरची गाडी समुद्रातून चाललेली दिसेल! हा केवळ गमतीचा भाग झाला. खरा धोका आहे तो नकाशात असलेला, पण प्रत्यक्षात नाहीसा झालेला रस्ता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीनजीक रामगंगेवरील तुटक्या पुलावरून एक मोटार कोसळून तिघांचा अंत झाला. चालक मोबाईलवरील नकाशाच्या आधाराने जात होता, असे त्या वेळी सांगण्यात आले. नकाशा मोबाईलवरचा असो वा मोटारीतला, त्याला न मिळालेली बातमी तो देऊ शकत नाही.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. कंपनीकडून नवा नकाशा मिळत असेल, तर तो वेळोवेळी यंत्रात भरून घ्यावा. जावयाचे ठिकाण गाडी उभी असतानाच नोंदवावे. अनोळखी वाटेवर गाण्याचा आवाज इतकाच ठेवावा की मागच्या वाहनाचा भोंगा कानी यावा. पडद्यावरची रेघ आणि समोरचा रस्ता यांत विसंगती दिसली, तर समोरचा रस्ता खरा मानावा. रात्री, पावसात, निर्जन पुलाच्या तोंडाशी क्षणभर थांबून एखाद्या गावकऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही. यंत्राने वाट सुचवावी. पाऊल टाकावयाचे की नाही, हे मात्र माणसाच्या डोळ्यांनीच ठरवावे.