एकच मोठा कारखाना की दहा गाळे?
(उद्योगाची वास्तू : लेखांक ७)

मागच्या आठवड्यात आपण भूखंड, रस्ता आणि मोकळी जागा यांचा हिशेब पाहिला. आता शेडकडे वळू. नाशिकमध्ये शेड बांधणाऱ्याला पहिल्याच बैठकीत एक प्रश्न सोडवावा लागतो. ही जागा एका मोठ्या कंपनीला द्यायची, की गाळे पाडून लहान उद्योजकांना?

नाशिकमध्ये दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी वाढले. सातपूरला महिंद्रा आणि बॉश आहेत, तर ओझरला १९६४ पासून मिग विमानांच्या कामासाठी उभा राहिलेला एचएएलचा कारखाना आहे. अशा मोठ्या कारखान्यांच्या ऑर्डरींवर अंबड-सातपूरमधले मशीनिंगचे, प्रेसचे, शीट मेटलचे कितीतरी गाळे चालतात.

एकट्या कंपनीच्या इमारतीत मालाची वाट हीच मुख्य रेघ. कच्चा माल एका टोकाने आत येतो, तयार माल दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो, मध्ये खांबांची अडचण नको. विमानाच्या हँगरला तर मध्ये एकही खांब चालत नाही. छताखाली ओव्हरहेड क्रेन हवी असेल, तर तिचा भार खांबांनी आणि पायाने पेलायचा असतो. शेड उभी राहिल्यावर ‘आता क्रेन बसवू’ म्हटले, तर खर्च डोईजड होतो.

गाळ्यांचे गणित वेगळे आणि माझ्या मते जास्त अवघड. प्रत्येकाला वेगळे वीज मीटर, वेगळे शटर, टेम्पो उभा करायला जागा लागते. दोन गाळ्यांमधली भिंत थेट छताच्या पत्र्यापर्यंत न्यायला हवी. ती वर अर्धवट सोडली, की एका गाळ्यातला धूर आणि आग सहज शेजारी शिरते. पैसे वाचवायला नेमकी हीच भिंत कापली जाते, आणि ते अक्षम्य आहे.

सामाईक जिना, लिफ्ट, आगीतून सुटकेची वाट, सांडपाणी कोणी सांभाळायचे? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ९३ ने अशा अनेक गोष्टींची जबाबदारी जागेच्या मालकावर टाकली होती. म्हणून या गोष्टी भाडेकरूवर न सोडता मूळ नकाशातच याव्यात.

बहुमजली गाळ्यांत एक पथ्य पाळावे. पॉवर प्रेस आणि जड मशीन तळमजल्यावरच असावे, वर जुळणी, पॅकिंग, इलेक्ट्रॉनिक्स. सगळ्यात आधी मालाची लिफ्ट अपुरी पडते. सिंगापूरच्या काही औद्योगिक इमारतींना म्हणूनच असा रॅम्प आहे, की ट्रक थेट वरच्या मजल्यावर जातो.

पण भाडेकरू बदलतात. एखादी कंपनी सोडून गेली, की तिच्या मापाने शिवलेली शेड दुसऱ्याला बसत नाही आणि कुलूपबंद पडते. यावर उपाय सुरुवातीलाच करता येतो. खांबांमधली अंतरे सारखी ठेवा. दर दोन खांबांमध्ये पुढे शटर बसेल इतकी जागा सोडा, आज तिथे विटा भरल्या तरी चालेल. केबलची नळी आणि ड्रेनेजचे तोंड प्रत्येक भागात जमिनीखाली आधीच घाला. शौचालये मध्यावर न घेता कडेला घ्या. प्री-इंजिनिअर्ड शेडमध्ये टोकाची फ्रेम हलकी ठेवण्याचा मोह होतो. तीही मधल्या फ्रेमइतकीच भक्कम केली, तर पुढे शेड वाढवता येते.

तेव्हा शेड बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. नकाशा मंजुरीला देण्याआधी आर्किटेक्टकडून दोन आराखडे मागा. एक अख्ख्या इमारतीत एकच कंपनी असलेला, दुसरा त्याच सांगाड्यात चार गाळे बसवलेला. दुसरा बसत नसेल, तर पहिल्यावर सही करू नका.

पुढील आठवड्यात : शेडमधली अग्निसुरक्षा.